स्कॅनर म्हणतो मिश्रण लीन, सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र काजळी

तिसरा_गियर

१.५ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मल्टिपॉइंट इंजेक्शन, टर्बो नाही, हवा मोजायला एअर फ्लो सेन्सर आहे.

इंजिन थंड असताना चालू केलं की पुढून टिकटिक आवाज येतो आणि पाच-सात मिनिटांत जवळजवळ बंद होतो. आयडल खडबडीत आहे. चढावर तिसऱ्या गियरमध्ये ३००० च्या पुढे गाडी खेचत नाही, पाय पूर्ण दाबला तरी नुसता आवाज वाढतो. पेट्रोल जास्त पिते. सायलेन्सरच्या तोंडाशी कोरडी काळी काजळी जमते. असं सगळं असताना कोड आलाय पी-०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लीन असेल तर काजळी कुठून येते?

एअर फिल्टर नवा आहे. कॉइलची अदलाबदल करून झाली, फरक नाही. मिसफायरचा कोड नाही. कोड अजून पुसलेला नाही. आता काय मोजू?

फीलर_गेज

कोड पुसला नाहीत हे फार चांगलं केलंत. पुसला की फ्रीझ फ्रेम जाते, शिकलेले ट्रिमही (ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पेट्रोलमध्ये टक्क्यांत करतो ती दुरुस्ती) शून्यावर येतात, आणि या दोन्हींची आत्ता गरज आहे. आधी फ्रीझ फ्रेम उतरवून घ्या: कोड आला तेव्हा आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान आणि वेग किती होता.

मग पुढचे आकडे द्या. रात्रभर उभ्या गाडीत सेल मारण्याआधी कूलंट आणि आत येणारी हवा, दोघांचं तापमान. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिम. गाडी उभीच ठेवून २५०० ला मिनिटभर धरून तेच दोन आकडे. शेवटी रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबून ४००० पर्यंत, त्या वेळचा एअर फ्लो ग्रॅम प्रति सेकंदात. हा शेवटचा आकडा शेजारी बसलेल्याने रेकॉर्ड करायचा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

ट्रिम अधिक म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल ओततोय, उणे म्हणजे हात आखडता घेतोय. शॉर्ट आणि लाँगची बेरीज ±५ टक्क्यांत असेल तर उत्तम, ±१० पर्यंत चालतं, त्यापुढे कारण शोधायचं.

काजळीराव

पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलून टाका. तोच चुकीचं सांगत असणार. नाहीतर लीन कोड आणि काळा धूर एकत्र कसे?

फीलर_गेज

काजळीराव, बदलण्याआधी त्याला दोन मिनिटं तपासू तर द्या. गरम इंजिन आयडलला ठेवून एअर फिल्टरच्या तोंडाशी थोडा प्रोपेन सोडायचा. सेन्सर ०.८ व्होल्टच्या वर गेला पाहिजे. मग ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी क्षणभर सोडायची. तो ०.२ च्या खाली पडला पाहिजे. दोन्ही वेळा झटकन हलला तर सेन्सर शाबूत आहे. शाबूत सेन्सर साधारण ०.१ सेकंदाच्या आत पलटी मारतो, थकलेला रेंगाळतो. हे सगळं जुन्या पद्धतीच्या, ० ते १ व्होल्टच्या सेन्सरसाठी. वाइडबँड असेल तर स्कॅनरवर लॅम्डा बघायचा (१ म्हणजे मिश्रण बरोबर, १ च्या वर लीन).

आणि हा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. त्याच्यासमोरून जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय एवढंच तो सांगतो. ऑक्सिजन कुठून आला ते त्याला कळत नाही. एखादा प्लग पेटला नाही, तर त्या सिलिंडरचं पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही न जळता बाहेर पडतात आणि सेन्सर 'लीन' म्हणतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत आली तरी तो 'लीन'च म्हणेल. दोन्ही वेळा त्याचं मोजमाप बरोबर असतं, आपण काढलेला अर्थ चुकतो.

नळीतला_वारा

मला तर हा सरळ इनटेकचा व्हॅक्यूम लीक वाटतो. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, पीसीव्हीची (क्रँककेसमधला वायू इनटेकमध्ये नेणारी) नळी, बूस्टरची नळी, पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इनटेकमध्ये सोडणारा). आयडलला ट्रिम जास्त आणि रेस केल्यावर कमी आला तर त्यावर शिक्का. आयडलला इंजिन हवा कमी ओढतं, त्यात भोकातून येणारी चोरटी हवा टक्केवारीत मोठी ठरते. आरपीएम वाढला की तीच गळती किरकोळ होते.

उलट लोड वाढेल तसा ट्रिम वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय: पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय, किंवा एअर फ्लो सेन्सरची तार मळल्यामुळे तो हवा कमी दाखवतोय.

फीलर_गेज

नळीतला वारा यांनी सांगितलेलं एअर फ्लो सेन्सरच्या गाडीसाठी बरोबर. ज्या गाडीत मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा असतो, तिथे व्हॅक्यूम लीक वेगळा दिसतो. घुसलेली हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, ईसीयूला ती दिसते आणि तो तिच्या हिशेबाने पेट्रोल देतो. मग ट्रिम फारसा ढळत नाही, आयडल मात्र चढतं. म्हणून गाडी कुठल्या प्रकारची हे आधी विचारायचं.

तिसरा_गियर

आकडे घेतले.

थंड असताना कूलंट २३, हवा २३.
गरम आयडल, ७६० आरपीएम: शॉर्ट +५, लाँग +२०.
२५०० ला उभ्या गाडीत: शॉर्ट +२, लाँग +९.
पाय पूर्ण दाबून ४००० ला: एअर फ्लो ३१ ग्रॅम प्रति सेकंद, लाँग +२.
पुढचा सेन्सर प्रोपेनला ०.८८ पर्यंत गेला, नळी सोडल्यावर ०.१ ला पडला, दोन्ही वेळा चटकन.
मागचा ऑक्सिजन सेन्सर स्थिर नाही, ०.२ ते ०.७५ मध्ये हलत राहतो.
फ्रीझ फ्रेम: ८०० आरपीएम, वेग शून्य, कूलंट ८९.

एक गोष्ट लक्षात आली. प्रोपेन सोडल्यावर आयडल सुधारायला हवं होतं ना? उलट इंजिन अडखळलं आणि आरपीएम उतरला.

फीलर_गेज

त्या शेवटच्या वाक्याने निम्मं काम केलं. इंजिन खरोखर लीन चालत असतं तर थोड्या प्रोपेनने आयडल गुळगुळीत होऊन आरपीएम चढला असता. तुमचं इंजिन आणखी इंधन घेऊन बुडतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण आधीच रिच आहे, पेट्रोल जास्त आहे. हिशेब करून बघा. पेट्रोलचं आदर्श प्रमाण एका भागाला १४.७ भाग हवा. ईसीयू २५ टक्के जास्त ओततोय. हवेचं मोजमाप मुळात बरोबर असेल तर १४.७ भागिले १.२५, म्हणजे ११.८. एवढ्या रिच मिश्रणात काजळी येणारच.

आता एअर फ्लो. दीड लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा दीड लिटर हवा ओढतं. ४००० आरपीएमला सेकंदाला ५० लिटर. २५ अंशाला समुद्रसपाटीवर एक लिटर हवेचं वजन १.१८ ग्रॅम, म्हणून सिलिंडर शंभर टक्के भरले तर ५९ ग्रॅम. टर्बो नसलेलं धडधाकट इंजिन यातलं ८० ते ९० टक्के घेतं. तुमचं ३१, म्हणजे ५३ टक्के.

मळक्या एअर फ्लो सेन्सरनेही आकडा कमी येतो, पण तेव्हा हवा प्रत्यक्षात जास्त असल्याने लोडवर ट्रिम ठळक अधिक दिसला असता. तुमचा +२ आहे. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय आणि इंजिनात हवा खरंच शिरत नाहीये. थ्रॉटल पूर्ण उघडतो आणि फिल्टर नवा आहे, तर बाहेर जायची वाट बंद आहे. जुना वायू निघाला नाही तर नवी हवा शिरणार कुठे?

दोन दोष आहेत असं धरून चला, आणि ते एकमेकांशी जोडलेले असणार.

नळीतला_वारा

पटलं. तरी इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधायची धूर चाचणी करून घ्या. एक शंका कायमची मिटेल.

काजळीराव

आणि पेट्रोलचं प्रेशर? धाग्याच्या नावात काजळी आहे म्हणून पंपाला सोडून द्यायचं का?

पंपावरचा_पहारेकरी

सोडायचं नाही, पण नीट मोजायचं. इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलवर गेज लावण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मग जोड उघडताना कापड गुंडाळायचं, जवळ आग विझवायचं नळकांडं ठेवायचं, आणि इंजिन गार असलं पाहिजे. गरम मॅनिफोल्डवर सांडलेलं पेट्रोल क्षमा करत नाही.

परतीची नळी नसलेल्या प्रणालीत साधारण ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. चावी फिरवल्यावर, आयडलला, आणि मुख्य म्हणजे पूर्ण लोडवर चालत्या गाडीत बघा. आयडलला सगळेच पंप शहाणे असतात. बंद केल्यावर दहा मिनिटांत प्रेशर भराभर पडलं तर इंजेक्टर ठिबकतोय किंवा पंपातला चेक व्हॉल्व्ह गेलाय. परतीची नळी असलेल्या जुन्या प्रणालीत रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की प्रेशर सुमारे अर्धा बार चढायला हवं, आणि त्या नळीतून पेट्रोल आलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. रिच होण्याचं हे जुनं, विसरलं जाणारं कारण.

प्रेशर कमी आलं तरी पंप लगेच बाद ठरवू नका. पंप चालू असताना त्याच्या जोडाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त तूट असेल तर दोष वायर, रिले किंवा अर्थिंगमध्ये आहे. टाकीच्या झाकणाची हवा तुंबली तरी गाडी थोडं अंतर जाऊन मरगळते, झाकण उघडल्यावर सूंऽ आवाज येतो आणि ती परत धावते.

डिझेलदादा

अवांतर विचारतो. कॉमन रेल टर्बो डिझेल आहे, पिकअप कमी आणि पाय दाबला की काळा धूर. ट्रिमचे हेच हिशेब लागू होतात का?

फीलर_गेज

नाही. डिझेलमध्ये थ्रॉटलने हवा-इंधनाचं प्रमाण बांधलेलं नसतं, ते नेहमी जास्तीच्या हवेत चालतं. काळा धूर म्हणजे त्या क्षणी दिलेल्या डिझेलला हवा पुरली नाही. आधी हवेची बाजू बघा: टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड या रबरी नळ्या. भेग बहुधा खालच्या बाजूला असते आणि तिथे तेलाचा ओला डाग दिसतो. बूस्ट हवा तेवढा आणि मिळालेला किती, हे दोन्ही आकडे स्कॅनरवर शेजारी ठेवा. मग अडकून उघडा राहिलेला ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह.

हे नीट असेल तर इंजेक्टरची परतीची चाचणी. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या सारख्या मापाच्या बाटल्यांत सोडायच्या आणि आयडलला ठरावीक वेळ चालवायचं. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. रेलच्या उंच दाबाच्या नळीचा नट चालू इंजिनात कधीही सैल करायचा नाही. आयडललाच तिथे २५० ते ३५० बार असतो, ती धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट इस्पितळात जायचं.

डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर, असेल तर त्याच्या दोन बाजूंमधला दाबफरक बघा. इंजिन बंद, चावी चालू, या स्थितीत तो शून्य असला पाहिजे. नसेल तर सेन्सर किंवा त्याच्या बारीक नळ्या आधी तपासा. ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल तर रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं) अर्धवट राहतंय आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. अशा ऑइलवर गाडी चालवू नका.

तिसरा_गियर

धूर चाचणीत इनटेक स्वच्छ. पर्ज व्हॉल्व्ह काढून वीज न देता फुंकला, बंद आहे. पेट्रोलचं प्रेशर मॅन्युअलप्रमाणे ३.५ हवं. आयडलला ३.५, पूर्ण लोडवर ३.४, बंद करून दहा मिनिटांनी ३.२. प्लग काढले, चारही कोरडे काळे, ओलसर तेल कुठेही नाही.

फीलर_गेज

म्हणजे पेट्रोलची बाजू निर्दोष, आणि प्लगने रिच असल्याची साक्ष दिली. चारही सारखे काळे असल्याने एकटा ठिबकणारा इंजेक्टरही बाद. कूलंट सेन्सरही सुटला, थंड असताना तो हवेइतकंच तापमान दाखवतोय आणि गरम झाल्यावर ८९. तो कायम थंड दाखवत असता तर ट्रिम उणेकडे गेला असता.

आता एक्झॉस्ट. सोपी चाचणी व्हॅक्यूम गेजची. समुद्रसपाटीजवळ आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे), दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक इंच कमी धरा. मग २५०० ला धरून ठेवा. चांगल्या इंजिनात काटा आयडलच्या जवळपास स्थिरावतो. वाट तुंबली असेल तर तो हळूहळू उतरत राहतो.

पक्की चाचणी मागच्या दाबाची. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या आट्यात, बहुतेक ठिकाणी एम १८ गुणिले १.५, अडॅप्टर आणि ० ते १ बारचा गेज. आयडलला ०.१ बारच्या खाली आणि २५०० ला ०.२ च्या खाली असायला हवा. गेजपर्यंत धातूची लांब नळी घ्या, रबर जळेल. उघड्यावरच करा. कॅट म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू जाळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर; त्याच्या आधीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, आणि त्याला वास नसतो.

काजळीराव

गेज नसेल तर सेन्सर काढून भोक उघडं ठेवून थोडी चालवली तर कळत नाही का?

फीलर_गेज

कळतं. पिकअप परत आला तर कॅट तुंबलाय. पण भोकातून निघणारा वायू शेजारच्या वायरिंगवर आणि नळ्यांवर बसतो. भोकाची दिशा बघून, अगदी थोडं अंतर, एवढंच. गाडीत वास येऊ लागला तर लगेच थांबायचं. कॅटच्या पुढचं आणि मागचं तापमान मोजून निकाल देणारेही असतात. त्यावरून तुंबलेपणा कळतो असं मी मानत नाही. चालू कॅट, थंड कॅट आणि अर्धा वितळलेला कॅट यांचे आकडे एकमेकांत मिसळतात.

जेट_नंबर_३८

कार्बुरेटरच्या मोटारसायकलला यातलं काय लागू? ट्रिम तर नाहीतच.

पंपावरचा_पहारेकरी

तिथे प्लग हाच स्कॅनर. कोरडी काजळी म्हणजे रिच: चोक पूर्ण परतत नाही, फ्लोटची सुई बसत नाही, किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पांढरट प्लग आणि रेस सोडल्यावर आरपीएम उशिरा उतरणं म्हणजे लीन: इनटेकचा रबर भेगाळलाय किंवा पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजलाय. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन मॅन्युअलमधल्या फेऱ्यांइतका बाहेर काढा. स्क्रूने काहीच फरक पडत नसेल तर पायलटचा मार्ग बंद आहे. जेट तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि दाबाची हवा एवढंच.

रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होत असेल तर कार्बुरेटरला हात लावण्याआधी सायलेन्सर हेडला जिथे जोडतो तिथलं गॅस्केट बघा. बाहेरची हवा तिथून शिरते.

तिसरा_गियर

व्हॅक्यूम आयडलला १७, २५०० ला आधी १८ आणि मिनिटभरात घसरत ११. मागचा दाब आयडलला ०.१० बार, २५०० ला ०.४२.

फीलर_गेज

तुंबलाय. आता टिकटिक शोधा. इंजिन गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू एक्झॉस्टला जोडून साबणाचं पाणी मारतात. पण तुमच्याकडे सायलेन्सरच्या टोकाकडून फुंकलंत तर हवा कॅटलाच अडेल. सेन्सरच्या भोकातून फुंका आणि मॅनिफोल्ड हेडला जिथे बसतो ती सगळी कड भिजवा. कुठला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल तिथून थोडी हवा इंजिनात जाईल, त्याची काळजी नको.

तिसरा_गियर

चौथ्या सिलिंडरच्या पोर्टखाली बुडबुडे. मॅनिफोल्ड धरणारा खालचा स्टड तुटलेला, गॅस्केटवर काळी रेघ उमटलीय.

नळीतला_वारा

पण गळती तर बाहेरच्या दिशेने होणार ना? एक्झॉस्टमध्ये दाब असतो, मग हवा आत कशी ओढली जाते?

फीलर_गेज

एक्झॉस्टमध्ये दाब सलग नसतो, ठोक्यांनी येतो. ठोका आला की वायू बाहेर फेकला जातो, तीच टिकटिक. ठोका पुढे सरकला की त्याच्यामागे दाब क्षणभर वातावरणाच्या खाली जातो आणि त्याच फटीतून हवा आत येते. आयडलला दोन ठोक्यांत अंतर जास्त आणि वायू कमी, म्हणून परिणाम सर्वात मोठा. म्हणूनच यांचे आकडे हुबेहूब व्हॅक्यूम लीकसारखे दिसले. वेगळं काढलं ते प्रोपेनने आणि प्लगने. लोडवर तर तुंबलेल्या कॅटमुळे सेन्सरपाशी सतत दाब राहतो, हवा आत यायला जागाच नाही, म्हणून तिथे ट्रिम +२.

साखळी बहुधा अशी: स्टड तुटला, फट पडली, आत आलेल्या हवेने सेन्सर लीन म्हणाला, ईसीयूने पेट्रोल वाढवलं. ते अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झालं आणि फटीतून आलेला ऑक्सिजन त्याला कॅटच्या आत भेटला. तिथे दोघं जळाले. इतकं जळण कॅटसाठी नाही. आतली सिरॅमिकची जाळी १४०० अंशांच्या पुढे वितळते. त्याच्या कितीतरी आधी तिच्यावरचा धातूंचा लेप निकामी होतो.

गॅस अ‍ॅनालायझरवरही हे फसतं. ईसीयू फटीतली हवा धरूनच हिशेब जुळवतो, त्यामुळे सायलेन्सरच्या टोकाशी लॅम्डा १ च्या आसपास येतो आणि सगळं छान वाटतं.

काजळीराव

पण कॅट गेलाय तर पी-०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड, का नाही आला?

फीलर_गेज

पी-०१७१ उभा असेपर्यंत बऱ्याच गाड्या कॅटची स्वतपासणी थांबवून ठेवतात. मागचा सेन्सर ०.२ ते ०.७५ मध्ये हलतोय हे तुम्ही आधीच नोंदवलं होतं. गरम इंजिन स्थिर चालीत असताना चांगल्या कॅटमागे तो ०.६ ते ०.७ च्या आसपास शांत असतो.

तिसरा_गियर

आधी गॅस्केट करून ट्रिम बघू आणि मग कॅट, की दोन्ही एकदम?

फीलर_गेज

आधी गळती. नवा कॅट ११.८ च्या मिश्रणावर बसवलात तर त्याची तीच गत होईल.

नटांवर आदल्या दिवशी सुटे करणारं तेल मारून ठेवा. तुटलेला स्टड बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट वेल्ड करून गरम असताना फिरवा. आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच करून छिद्र पाडावं लागेल. हेड अॅल्युमिनियमचं आहे, ड्रिल तिरपी गेली की ती मऊ बाजूला पळते. मॅनिफोल्ड काढल्यावर त्याच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घाला. वाकलेला असेल तर घासून सपाट करून घ्या. नुसतं नवं गॅस्केट त्या वाकावर टिकणार नाही, आणि स्टड बहुधा त्या वाकामुळेच तुटतो.

गॅस्केट कोरडंच बसवायचं. साधा सिलिकॉन सीलंट लावला तर त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला कायमची बाद करते. नट मधल्यापासून बाहेरच्यांकडे अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. एम ८ ला साधारण २० ते ३० न्यूटन मीटर, पण मॅन्युअलचा आकडा अंतिम. प्लग बदला. इंजिन ऑइलही बदला, इतकं रिच चालल्यावर त्यात पेट्रोल उतरलेलं असतं. डिपस्टिकचा वास घेतलात तर कळेल.

कॅट काढल्यावर त्यातून उजेड दिसतो का बघा. तुकडे सुटले असतील तर ते पुढे मफलरमध्ये जाऊन अडकतात, मग नवा कॅट लावूनही दाब उतरत नाही. मफलर हलवून खुळखुळतो का ऐका.

काजळीराव

टाकीत इंजेक्टर क्लीनर ओतून कॅट मोकळा होतो म्हणतात.

पंपावरचा_पहारेकरी

काजळीराव, वितळलेलं सिरॅमिक कुठल्या बाटलीने विरघळतं ते आम्हालाही सांगा. इंजेक्टरच्या टोकावरचा थर धुवायला क्लीनर ठीक आहे, तेवढंच त्याचं काम.

तिसरा_गियर

मॅनिफोल्ड घासून सपाट केला, स्टड, गॅस्केट आणि प्लग नवे, ऑइल बदललं, मग कोड पुसले. आयडलला बेरीज +३, २५०० ला +१. टिकटिक नाही. मागचा दाब अपेक्षेप्रमाणे तसाच होता. नंतर कॅट बदलला. आता आयडलला ०.०२, २५०० ला ०.०८ बार. ४००० ला पूर्ण पाय दाबून एअर फ्लो ४९. मफलर खुळखुळत नाही.

दोन शंका. काढलेला ऑक्सिजन सेन्सर परत लावताना ग्रीस लावायचं का? आणि स्कॅनर कॅटची स्वतपासणी अजून 'अपूर्ण' दाखवतोय.

फीलर_गेज

४९ म्हणजे ८३ टक्के, छान. सेन्सरच्या फक्त आट्यांवर, सेन्सरसाठीचंच अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस), अगदी पातळ. टोकाच्या जाळीला थेंबही लागता कामा नये. नव्या सेन्सरवर ते बहुधा आधीच लावलेलं असतं. एम १८ ला ४० ते ५० न्यूटन मीटर. वायर पिळून बसवू नका, आधी सेन्सर फिरवा आणि मग जोड लावा.

कोड पुसल्याने सगळ्या स्वतपासण्या पुन्हा शून्यापासून सुरू झाल्या, म्हणून 'अपूर्ण'. थंड इंजिनापासून सुरुवात करून ते पूर्ण गरम झाल्यावर एकसारख्या वेगाने सलग चालवा, मध्ये थोडा वेळ आयडल. काही गाड्यांत टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असताना बाष्पाची चाचणी होत नाही, तेव्हा ती पाव ते पाऊण ठेवा. आणि मध्येच परत कोड पुसू नका.

डिझेलदादा

इंटरकूलरच्या खालच्या नळीला क्लिपखाली लांब भेग निघाली, तेलाने ओली. आतून पत्रा लावून तात्पुरती क्लिप आवळली तर चालेल का?

फीलर_गेज

नाही. बूस्टमध्ये ती नळी फुगते आणि पत्र्याची कड रबर आतून कापते. नळीच बदला. क्लिप मूळ मापाची घ्या आणि दोन्ही टोकं ऑइल पुसून कोरडी करून मगच बसवा.